उचल, कोयता आणि अलाबामाचा खटला: एका टिपणाच्या नोंदी

(छत्रपती संभाजीनगर खंडपीठात ज्युनिअर म्हणून काम करताना ठेवलेल्या वहीतून. अशिलांची, गावाची, कारखान्याची नावं काढली आहेत.)

२ डिसेंबर २०२४

सरांनी फाईल पुढे सरकवली. "भारतीय कायदा मी बघतो, बाहेरचं तू बघ. टिपण दीड पानाचं पाहिजे. जास्त आणलंस तर वाचणार नाही."

प्रकरण असं. बीड जिल्ह्यातलं ऊसतोड करणारं नवरा-बायकोचं जोडपं. २०२३ च्या दसऱ्याआधी मुकादमाकडून (मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार) ऐंशी हजार उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली. नोटरीच्या कागदावर नवऱ्याची सही झाली. दिवाळी झाल्यावर टोळीबरोबर बेळगावकडे गेले. जानेवारीत बाईचा ताप उतरेना, म्हणून दोघं हंगाम अर्धा टाकून परत आले. ऑगस्ट २०२४ मध्ये मुकादमाने फिर्याद दिली: पैसे घेतले, काम केलं नाही, फसवलं. उचल घेतली तेव्हा भारतीय दंड संहिता होती म्हणून गुन्हा कलम ४२० चा. पण १ जुलै २०२४ नंतर एफआयआर झाला, त्यामुळे तो रद्द करायचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली. जुना आणि नवा कायदा सासू-सुनेसारखे एकाच फाईलमध्ये नांदतायत.

सरांचा मुख्य मुद्दा साधा आहे. फसवणूक म्हणायची तर इरादा पहिल्या दिवसापासून असावा लागतो, नुसता करार मोडणं म्हणजे फसवणूक नव्हे. आधार: हृदयरंजन प्रसाद वर्मा, सर्वोच्च न्यायालय, २०००. मी विचारलं, मग बाहेरचं कशाला? "कारण सरकारी वकील उठून म्हणणार, पैसे घेतल्याचं कबूल आहे ना? मग कोर्टाला दाखवायचं की आगाऊ पैसे घेऊन निघून गेलेल्या मजुराला तुरुंग दाखवणं ही जुनी युक्ती आहे, आणि ती इतरांनीही कोर्टात तपासून पाहिलीय."

३ डिसेंबर

दिवस वाया. इंग्रजीत 'ॲडव्हान्स' टाकून शोधलं तर पगाराच्या ॲपपासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळं आलं. कंटाळून एका चॅटबॉटला विचारलं. त्याने केनियाच्या उच्च न्यायालयाचा अगदी हवा तसा निकाल दिला: ऊसमजूर, आगाऊ रक्कम, फौजदारी केस, आरोपी निर्दोष. खटल्याचा नंबरसुद्धा. केनियाचे निकाल जिथे मोफत मिळतात तिथे तास घालवला. त्या नावाचा, त्या नंबराचा असा निकाल नाहीच. पुन्हा विचारलं तर चॅटबॉटने माफी मागून दुसरा दिला. तोही नाही.

आजपासून नियम: मूळ ठिकाणी उघडून, पहिलं पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत सायटेशन (निकाल कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे तो संदर्भ) उतरवायचं नाही. हे पान लाल पेनाने खोडलंय, फाडलं नाही.

५ डिसेंबर

दिशा बदलली. बाहेरचं शोधायला बाहेरून सुरुवात कशाला? आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने कोणते परदेशी निकाल वाचलेत ते आधी बघावं. वेठबिगारीवर पहिला निकाल आठवतो तो एशियाडच्या बांधकाम मजुरांचा, पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स, १९८२. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, आणि सक्ती म्हणजे फक्त काठी नव्हे, पोटाची गरजही सक्तीच, हे न्यायमूर्ती भगवतींनी त्यात सांगितलं. कॉलेजात एवढंच पाठ केलं होतं. आज सबंध वाचला. मधल्या पानांत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे करार आहेत, मानवी हक्कांचा जाहीरनामा आहे, आणि मग अमेरिकेचा एक खटला: बेली विरुद्ध अलाबामा. सोबत अलाबामाच्या कायद्याचं वर्णन. नोकरीचा लेखी करार करून, पैसे घेऊन, ते परत न करता काम सोडलं तर शिक्षा.

मी खुर्चीतून उठून चहा करून आले. हे तर आमच्या एफआयआरचं इंग्रजी भाषांतर!

आपल्या निकालात सायटेशन '५५ एल.एड. १९१' असं आहे. ते घेऊन अमेरिकेच्या अधिकृत अहवालात शोधलं तर काहीच लागेना, अर्धा तास डोकं खाल्लं. मग उमगलं की एल.एड. म्हणजे लॉयर्स एडिशन, खाजगी प्रकाशकाची मालिका. तोच निकाल सरकारी मालिकेत २१९ यू.एस. २१९ वर आहे. खंड आणि पान दोन्ही २१९, त्यामुळे मला आधी छपाईची चूक वाटली. आपल्याकडे एकच निकाल एआयआर, एससीसी आणि एससीआर अशा तिन्ही निकालसंग्रहांत वेगवेगळ्या पानावर असतो, तसंच. सुनावणी ऑक्टोबर १९१० ची आणि निकाल ३ जानेवारी १९११ चा, म्हणून काही ठिकाणी वर्ष १९१० दिसतं. टिपणात १९११ लिहायचं.

६ डिसेंबर

बेलीचा खटला आज पूर्ण वाचला. हेडनोट नव्हे, अख्खा निकाल, मतभेदासह.

अलोन्झो बेली, कृष्णवर्णीय शेतमजूर. २६ डिसेंबर १९०७ ला एका कंपनीशी वर्षभर शेतात काम करायचा करार केला. हातात १५ डॉलर आगाऊ. महिन्याचा पगार १२ डॉलर, पण त्यातून दर महिन्याला सव्वा डॉलर उचलीपोटी कापायचे, म्हणजे हातात १० डॉलर ७५ सेंट. जानेवारीभर काम केलं, फेब्रुवारीचे तीन-चार दिवस केलं, मग निघून गेला. शिक्षा ३० डॉलर दंड आणि खर्च, न भरल्यास सगळे मिळून १३६ दिवस सक्तमजुरी. पंधरा डॉलरसाठी!

पण खटल्याची खरी खोच आकड्यात नाही, पुराव्याच्या नियमात आहे. अलाबामाने कायद्यात एक दुरुस्ती केली होती. पैसे परत न करता काम सोडलं, एवढ्यावरच फसवण्याचा इरादा प्रथमदर्शनी सिद्ध झाला असं मानायचं. वर त्या राज्याच्या पुराव्याच्या नियमानुसार आरोपीला स्वतःच्या मनात काय होतं हे साक्षीत सांगता येत नव्हतं. म्हणजे इरादा होता असं कायदा गृहीत धरणार आणि नव्हता असं सांगायला तोंड बंद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, जे राज्याला सरळ करता येत नाही (कर्ज फिटत नाही म्हणून माणसाला कामाला जुंपणं), ते गृहीतकाच्या आडवाटेनेही करता येणार नाही. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत आणि कर्जापोटीच्या वेठीवर बंदी घालणाऱ्या १८६७ च्या कायद्यात ते बसत नाही. शिक्षा रद्द.

न्यायमूर्ती होम्स यांचं मत विरुद्ध होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: करार मुळात वाईट असेल तर त्यावरच बंदी घाला, पण तो रास्त असेल तर तो पाळायला लावण्यासाठी सरकारने वजन का टाकू नये? हे वहीत मुद्दाम सविस्तर घेतलं. समोरच्या वकिलाने निकाल उघडला तर त्याला नेमकं हेच सापडेल, आणि ते आम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

आता अडचण. आपल्या ४२० मध्ये असं गृहीतक नाही. इरादा फिर्यादीनेच सिद्ध करायचा. मग बेली लागू कसा? रात्री एफआयआर परत वाचला. त्यात इराद्याबद्दल एकच वाक्य आहे: 'काम अर्धवट सोडून गावी निघून आले, यावरून त्यांचा सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसून येते.' गृहीतक कायद्यात नाही, ते ठाण्यात आहे. हे वाक्य सरांना दाखवायचं.

जाता जाता पोलॉक विरुद्ध विल्यम्स, १९४४, फ्लोरिडा. तिथे उचल पाच डॉलरची. न्यायमूर्ती जॅक्सन म्हणतात की जाच करणाऱ्या मालकापासून मजुराला एकच संरक्षण असतं, मालक बदलता येणं. ते गेलं की मालकाला सुधारायचं कारण उरत नाही आणि आसपासच्या सगळ्यांचीच मजुरी पडते.

९ डिसेंबर

जोडपं भेटायला आलं. पहाटेच्या एसटीने निघालेले, बाराला ऑफिसात पोचले. यंदा कुठल्याच मुकादमाने घेतलं नाही, गावात बोभाटा झाला. हिशेबाची वही पाहायला मागितली तर एक मोबाईलवरचा फोटो निघाला. मुकादमाच्या हाताने लिहिलेलं: उचल ८०,०००. कापलेला ऊस वजा. मग खाडे. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस, पण इथे तो नुसता बुडत नाही, त्याचे पैसे अंगावर लावतात. बाईच्या तापाचे अकरा दिवस, दोघांचे मिळून बावीस खाडे. शेवटची बाकी उचलीपेक्षा जास्त.

मी विचारलं, नोटरीच्या कागदात काय लिहिलंय ते माहीत आहे का. नवरा म्हणाला, "एक कोयता लिवलाय." बाईकडे वळून विचारलं, तुमची सही?

"मव्हं नाव न्हाईच की ताई त्यात. कोयता म्हंजी दोघं आलेच ना."

ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, एक जोडी: नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन गाडीत चढवणार, आणि मजुरी दोघांची मिळून एकाच्या नावावर. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मीही ऐकतच वाढले. पण कागदावरच्या त्या दोन शब्दांत एका बाईचं वर्षाचं काम गहाण पडलंय हे आज पहिल्यांदा कायद्याच्या डोळ्यांनी दिसलं.

१० डिसेंबर

कालच्या वाक्याने झोप लागली नव्हती. सकाळी गुलामगिरीविरुद्धचा १९५६ चा पूरक करार उघडला. कलम १ (अ) मध्ये कर्जापोटी बांधून घेण्याची व्याख्या आहे. माझ्या मराठीत: कर्जदाराने कर्जाला तारण म्हणून स्वतःची, *किंवा त्याच्या ताब्यातल्या दुसऱ्या व्यक्तीची*, सेवा गहाण टाकणं, आणि त्या सेवेचं वाजवी मोल कर्जफेडीत धरलं न जाणं, किंवा त्या सेवेची मुदत आणि स्वरूप ठरवलेलं नसणं.

'त्याच्या ताब्यातल्या दुसऱ्या व्यक्तीची.' कोयता! जिनिव्हात बसून हे लिहिणाऱ्यांनी ऊसतोड पाहिली नसेल, पण हे शब्द जणू आमच्या नोटरीच्या कागदासाठीच लिहिलेत. आणि 'वाजवी मोल कर्जफेडीत धरलं न जाणं' म्हणजे ते बावीस खाडे.

भारताने हा करार १९६० मध्ये मान्य केला. संयुक्त राष्ट्रांच्या करारसंग्रहात प्रकरण १८, क्रमांक ४. स्थितीचं पान (कोणता देश करारात आहे ते दाखवणारं) छापून फाईलला लावलं, वर तारीख टाकली. ही पानं बदलत असतात, त्यामुळे कोणत्या दिवशी पाहिलं ते लिहिणं भाग आहे.

१२ डिसेंबर

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. कलम ११: नुसतं करारातलं देणं पूर्ण करता आलं नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकू नये. यातला 'नुसतं' हा शब्द महत्त्वाचा. फसवणूक केली असेल तर हे कलम आड येत नाही, म्हणजे फिरून प्रश्न इराद्यापाशीच येतो.

इथे एक काम नवशिके हमखास विसरतात, आणि मागच्या वर्षीपर्यंत मीही विसरायचे. देश करारात आहे एवढं बघून भागत नाही. सामील होताना काही कलमांवर हात राखून घोषणा केली असेल तर ते कलम आपल्याला तितकंसं लागू नसतं. भारत १० एप्रिल १९७९ ला सामील झाला. सोबतची घोषणा ओळ-ओळ वाचली: कलम १, ९, १३, आणि १२, १९ (३), २१, २२. कलम ८ (सक्तीची मजुरी) आणि ११ वर काही नाही. बरं झालं.

आपल्याकडे हे कलम ११ वापरलं गेलंय: जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन, १९८०, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. दिवाणी हुकूमनाम्यासाठी कर्जदाराला तुरुंगात टाकण्याचा प्रश्न होता. त्यांनी करार थेट कायदा म्हणून लावला नाही. संसदेने कायदा केल्याशिवाय करार कोर्टात आपोआप चालत नाही हे मान्य केलं, पण आपला कायदा वाचताना त्याच्या उजेडात वाचला. पुढे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळावरच्या विशाखा निकालात, १९९७, तेच सूत्र. टिपणात आपलीही भाषा तीच हवी: 'या कराराने बांधलेलं आहे' नव्हे, तर '४२० या कराराशी जुळवून वाचावं'. सरांनी याच एका शब्दावरून मागे एका ज्युनिअरला सोलून काढलं होतं.

१६ डिसेंबर

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा नॉर्मलेक्स हा संग्रह. करार, कोणत्या देशाने मान्य केले, आणि तज्ज्ञ समितीने त्या देशाला काय विचारलं, तिन्ही एका जागी. करार २९ (१९३०, सक्तीची मजुरी) भारताने १९५४ मध्ये आणि करार १०५ २००० मध्ये मान्य केला. करार २९ ची व्याख्या आपल्या उपयोगाची: शिक्षेच्या धाकाने करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न दिलेलं काम. 'शिक्षेचा धाक' म्हणजे आमचा हा एफआयआरच की!

मग दुपारी घबाड लागलं. करार ११७, १९६२ चा, कलम १२. आगाऊ रकमेवर कमाल मर्यादा सरकारने ठरवावी. कामावर येण्याच्या बदल्यात किती रक्कम देता येते ते मजुराला नीट समजावून सांगावं. आणि मर्यादेबाहेर दिलेली आगाऊ रक्कम कायद्याने वसूलच करता येणार नाही, नंतरच्या मजुरीतूनही कापता येणार नाही. मी ओरडायचीच बाकी होते. उचलीवर याहून नेमकं काही कुठे वाचलं नव्हतं.

स्थितीचं पान उघडलं. भारत त्यात नाही.

सरांना फोन केला, तरीही घालावं का म्हणून. "सही नसलेल्या कराराचा आधार घेतलास आणि ते समोरच्याने सांगितलं, तर उरलेल्या चारवरचा विश्वासही जातो. तूच आधी सांगणार असशील तर एका ओळीत घाल." घातलं नाही. वहीत मात्र पूर्ण उतरवलंय. उचलीवर कधी राज्यात कायदा करायचं निघालं, तर तेव्हा हे पान काढायचं.

१९ डिसेंबर

ब्राझील. ऊस पिकवणारा सगळ्यात मोठा देश, तेव्हा तिथे काहीतरी असणारच या अंदाजाने गेले. त्यांच्या दंड संहितेचं कलम १४९, 'गुलामासारख्या स्थितीत' ठेवण्याचा गुन्हा, दोन ते आठ वर्षं कैद. डिसेंबर २००३ च्या कायद्याने त्यात चार गोष्टी स्पष्ट केल्या: सक्तीची मजुरी, थकवून टाकणारा कामाचा दिवस, माणसाला न शोभणारी कामाची स्थिती, आणि मालक किंवा त्याच्या माणसाकडच्या कर्जामुळे हालचालीवर बंधन. 'किंवा त्याच्या माणसाकडच्या' हे मूळ मजकुरातच आहे. मुकादमाला नेमकं गाठलंय.

पोर्तुगीज येत नाही. त्यांच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचं कायद्यांचं अधिकृत संकेतस्थळ मात्र झकास आहे. रद्द झालेला मजकूर पुसत नाहीत, त्यावर रेघ मारून ठेवतात आणि खाली नवा देतात. एकाच पानावर कायद्याचं वय दिसतं. आपल्याकडे कधी होईल?

मशीन भाषांतराने मजा आणली. एका निकालात सलग लिहिलेलं, 'मांजराने मजुरांना पैसे दिले', 'मांजर त्यांना ट्रकमध्ये घालून घेऊन गेलं'. तीन वेळा वाचल्यावर शोधलं. ब्राझीलमध्ये मजूर गोळा करणाऱ्या ठेकेदाराला 'गातो' म्हणतात, शब्दशः मांजर. आमचा 'कोयता' असाच कुणी पोर्तुगीजमध्ये यंत्राने नेला तर तिथला वकील म्हणेल, मराठवाड्यात हत्यारं पगार घेतात.

तो निकाल म्हणजे इंटर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाचा, हसिएंदा ब्राझील वेर्जी, २० ऑक्टोबर २०१६. ब्राझीलच्या पारा राज्यातल्या गुरांच्या शेतावरून २००० साली सोडवलेले ८५ मजूर. गातोने दुसऱ्या राज्यातल्या गरीब गावातून आगाऊ पैसे देऊन नेलेले. पोचल्यावर कामाची कार्डं काढून घेतली, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. कोर्टाने ब्राझीलला दोषी धरताना एक वेगळी गोष्ट म्हटली: या माणसांच्या गरिबीमुळे त्यांच्याशी पिढ्यान्पिढ्या भेदभाव होत आला, हे राज्याला माहीत असूनही त्याने काही केलं नाही.

भारत या न्यायालयाखाली येत नाही. वजन फक्त युक्तिवादापुरतं. तळटीप होईल, परिच्छेद नव्हे.

२० डिसेंबर

दुपारभर लाईट नाही. हॉटस्पॉट चालू, लॅपटॉप मेला. पुढची नोंद हातानेच.

२८ डिसेंबर, गावी

नाताळच्या सुट्टीत घरी. आजोबांना खटल्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "हे तर भगेल्यासारखंच झालं." हा शब्द मी कायद्याच्या पुस्तकात पाहिला होता, घरात नव्हता ऐकला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात कलम २ मध्ये देशभरच्या प्रथांची यादी आहे, त्यात 'भगेला' आहे. कर्जापोटी बांधल्या गेलेल्या मजुरासाठीचा हैदराबाद संस्थानातला शब्द. १९४३ साली निजाम सरकारने भगेला करारांवर नियमन केलं होतं. म्हणजे मी अलाबामापर्यंत जाऊन आले आणि आपल्याच मातीतला 'परकीय' कायदा राहून गेला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचाच होता.

त्याआधी ब्रिटिश मुलखात उलटा कारभार चालला होता. १८५९ च्या कायद्याने आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेट पैसे परत कर किंवा काम पूर्ण कर असा हुकूम देई, नाही मानला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. तो कायदा १९२६ पासून गेला. आमच्या फिर्यादीत जे मागितलंय ते याच कायद्याचं भूत आहे. टिपणात ही एक ओळ आली पाहिजे.

त्या यादीत 'उचल' नाही. 'सालगडी'ही नाही. पण कलम १५ मध्ये एक हत्यार आहे. कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं, की ते तसं नाही हे सिद्ध करण्याचा बोजा धनकोवर. ४२० मध्ये ठाणं बोजा मजुरावर टाकतं, १९७६ चा कायदा तो उलटवतो. ही ओळ सरांच्या भागात जाईल, पण मला सापडली म्हणून इथे नोंद.

४ जानेवारी २०२५

युरोपियन मानवी हक्क न्यायालय, चौधरी आणि इतर विरुद्ध ग्रीस, ३० मार्च २०१७. मनोलादाच्या स्ट्रॉबेरीच्या शेतातले ४२ बांगलादेशी मजूर. मजुरी मागायला गेल्यावर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या. आपल्याला गोळीबार नको, एक वाक्य हवं: मालक मजुराच्या असहायतेचा फायदा घेत असेल, तर आधी दिलेली संमती एवढ्यावरून ती मजुरी स्वखुशीची ठरत नाही. सरकारी वकील 'आपणहून उचल घेतली' म्हणतील, त्याला हे उत्तर.

प्रसिद्धीपत्रकातून घेतलं नाही. निकाल डाउनलोड करून परिच्छेद ९६ स्वतः वाचला.

८ जानेवारी

सरांशी वाद. माझं म्हणणं, परदेशी कायद्यासाठी तज्ज्ञाचं शपथपत्र लागेल, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ३९. सर हसले. "आपल्याला अलाबामाचा कायदा *सिद्ध* करायचाय का? करार अलाबामात झाला असता तर तो वस्तुस्थितीचा प्रश्न, मग तज्ज्ञ लागला असता. आपण फक्त म्हणतोय, बाबांनो, यांनी असा विचार केला, पटला तर घ्या." हे वाचलेलं होतं, पण आज डोक्यात बसलं. तरी कलम ३२ बघून ठेवलं. इतर देशाचा कायदा किंवा त्यांच्या कोर्टाचे निकाल छापील पुस्तकातले चालतात, तसे आता डिजिटल स्वरूपातलेही चालतात असं त्यात स्पष्ट आलंय. म्हणून कंपायलेशनमध्ये (कोर्टाला द्यायच्या निकालांच्या संचात) बेली कुठल्या खाजगी संकेतस्थळावरून नको, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या स्कॅनमधून, मूळ पाननंबरांसह.

१३ जानेवारी

टिपण सहा पानांचं झालं होतं. सरांनी भोगीच्या जेवणाआधी त्याची दोन पानं केली. ब्राझील गेलं. पोलॉक गेलं. चौधरी एका वाक्यात. भूताची ओळ राहिली. राहिलेले तीन आधार: बेली (कारण तो आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने वाचलाय), १९५६ च्या कराराची व्याख्या, आणि कलम ११ जॉली जॉर्जसोबत. 'कोयता' शब्दाला त्यांनी इंग्रजी प्रतिशब्द घालू दिला नाही. तसाच ठेवायचा, खाली दोन ओळींचा खुलासा.

मांजराची गोष्ट मात्र त्यांना आवडली. दोनदा सांगायला लावली.

२१ जानेवारी

अर्ज दाखल. कार्यालयीन हरकती तीन: एका पानाचा समास कमी, नोटरीच्या कागदाचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित नाही, बेलीच्या स्कॅनची दोन पानं पुसट. पुसट पानं टाईप करून जोडली. टायपिस्टने 'अलाबामा'चं एका ठिकाणी 'अलाहाबाद' केलं होतं, सुदैवाने दिसलं.

५ फेब्रुवारी

बोर्डावर सत्तेचाळीसावा नंबर, साडेचारला पुकारा. न्यायमूर्तींनी चाळत विचारलं, अमेरिकेचा हा खटला इथे कशाला? सरांनी १९८२ च्या निकालाचं पान दाखवलं. "म्हणजे आपल्याकडे आधीच आलाय." मग दोन मिनिटं शांतता, पान ते स्वतः वाचत होते. नोटीस. तोवर परवानगीशिवाय दोषारोपपत्र दाखल करू नये. पुढची तारीख चार आठवड्यांनी.

संध्याकाळी कळवायला फोन केला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. संक्रांतीनंतर दुसऱ्या एका मुकादमाच्या टोळीत माणसं कमी पडली, म्हणून दोघं मध्येच गेलीत. उचल तीस हजार. बाई फोनवर होत्या. चार आठवड्यांनी येणं जमणार नाही म्हणाल्या. "पट्टा पडल्यावरची तारीख मिळंल का ताई?" म्हणजे हंगाम संपल्यावरची. हजर राहायची गरज नाही, आम्ही आहोत, असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "अन् बरं का, तुमी इचारलं व्हतं ना, म्हून ह्या टायमाला म्या मुकादमाला म्हणलं, मव्हंबी नाव घाल. घातलंय त्यानं."

कागदाचा फोटो काढून लगेच पाठवा म्हटलं. रात्री साडेनऊपर्यंत आला नाही. तिकडे रेंज नसते. उद्या सकाळी सातला, त्या फडात जायच्या आधी, पुन्हा फोन करायचा.